मागून कोणीतरी बंद केलंय

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हे सांगताना माझ्या भावजयीच्या नाकातून चहा आला होता, म्हणून सावध करते. आणि हसायचं तर मोठ्यानं हसा. तोंड दाबून हसलात की मला वाटतं, हे दुसऱ्याच कशाला तरी हसायलेत!

झालं काय, माझं धुण्याचं मशीन बंद पडलं. एवढंच. पण एवढ्यावरून मी नवऱ्याची उलटतपासणी घेतली, भाडेकरूंना घराबाहेर काढायला निघाले आणि शेजाऱ्यांना साक्षीला बसवलं. आता बोला!

मी गणिताची शिक्षिका. तीस वर्षं शिकवलं, पण माझं नाव झालं ते गणितामुळं नाही. परीक्षेच्या हॉलवर मी सुपरव्हिजनला आहे असं कळलं की पोरं चिठ्ठ्या गेटबाहेरच टाकून यायची. बाहीत, पायमोज्यात, कंपासपेटीच्या झाकणाखाली, कुठं काय दडलंय ते मला लांबून कळायचं. कसं म्हणाल, तर पोरगं जरा जास्तच शहाण्यासारखं वागायला लागलं की समजायचं, काहीतरी आहे! नोकरीतून रिटायर झाले, पण ही सवय कुठली रिटायर व्हायला? मला भाजीवाल्याच्या काट्याचा संशय, दूधवाल्याच्या मापाचा संशय, डॉक्टर हसून बोलला तर त्याचाही संशय.

आमचे हे नेमके उलटे. कुणी शिडी मागायला आलं तर शिडी तर देतीलच, वर ती धरायला बरोबर जातील!

गारखेड्यात आमचं दुमजली घर आहे. खाली आम्ही दोघं, वर भाडेकरू. शेखसाहेब एका दवाखान्यात कंपाउंडर, त्यांची बायको नाझिया आणि दोन मुली. माणसं चांगली. इतकी चांगली की मला सुरुवातीपासून जरा काळजीच वाटायची. वर जायचा जिना आमच्या मागच्या गॅलरीतून आहे, आणि त्याच गॅलरीत माझं मशीन.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं तीन महिने पुण्याला गेलो होतो. जायच्या आधी मी घराचा जो बंदोबस्त केला, तसा बँकेचाही नसेल! परत आलो, आणि दुसऱ्याच दिवशी नळाला पाणी. तुम्हाला माहितीय, आमच्याकडं आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी गल्लीत सणच असतो. टाक्या भरा, ड्रम भरा, पातेली भरा, आणि त्या दिवशीच काय ते धुणं उरका. आमच्या तर तीन महिन्यांच्या धुळीच्या चादरी, पडदे, वर प्रवासाचे कपडे. मी ढीग मशीनमध्ये कोंबला, साबण टाकला, बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. पिन काढली, पुसली, परत लावली. झाकण उघडून जोरात आपटलं. लहान मुलांसाठी ते लॉकचं बटण असतं, ते धरून ठेवलं, सोडलं, पुन्हा धरलं. शेवटी पाठीवर दोन चापट्या घातल्या, जशा वर्गात घालायचे. मशीन आपलं दगडासारखं गप्प! घरात मात्र ट्यूब चालू, पंखा चालू, फ्रिज चालू.

"अहो, मशीन चालत नाही!" मी ओरडले.

हे आतून आले, पण मशीनकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाले, "जाऊ दे ना, सुमन. हातानं धुऊ."

मी वळून बघितलं. हातानं धुऊ? आयुष्यात ज्यांनी स्वतःचा हातरुमाल पिळला नाही, ते म्हणायलेत हातानं धुऊ?

माझ्या डोक्यात घंटा वाजली. पोरगं जास्त शहाण्यासारखं वागायलंय!

मी फोन करून मेकॅनिकला बोलावलं. दुपारी आला तो. चाळिशीचा, मिशाळ, गंभीर माणूस. त्यानं टेस्टर काढला, पॉइंटमध्ये घातला, मान हलवली आणि म्हणाला, "मॅडम, मशीनचं नंतर बघू. तुमच्या पॉइंटलाच करंट नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे लाइन मागून बंद हाय. कोणीतरी बंद केलेली दिसती."

कोणीतरी!

अहो, त्यानं सहज म्हटलं असेल. पण मला वाटलं, निकालच लागला. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक.

मेकॅनिक म्हणाला, "आतल्या पॉइंटवरून वायर ओढून लावू का? मशीन चालतं का ते तरी कळंल."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "पुराव्याला कुणी हात लावायचा नाही."

"कशाला?" त्या बिचाऱ्याला कळेना.

"ती तुमची गोष्ट नाही. तुम्ही या."

"मग इलेक्ट्रिशियनला दाखवा, लाइनीचं काम आमचं नसतं," असं म्हणून तो गेला. जाताना जिना उतरणाऱ्या नाझियाला जागा द्यायला बाजूला झाला. आणि नाझिया काय म्हणाली ऐका. माझ्या हातातल्या चादरी बघून म्हणाली, "काकू, लाव इधर. मी धुऊन आणते वरती. तुमची कंबर दुखती ना?"

मी नको म्हणेपर्यंत तिनं गठ्ठा उचलला आणि गेली सुद्धा वर! संध्याकाळी चादरी स्वच्छ, कडक वाळलेल्या, घडी करून दारात. दुसऱ्या दिवशी पडदे. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या पँटी. वर मशीन नाही हो तिच्याकडं, सगळं हातानं! साठवलेल्या पाण्यातनं!

तुम्ही म्हणाल, किती गुणाची पोर. मला काय वाटलं? मला वाटलं, अपराधी मन आहे हे. घरमालकिणीचे पडदे फुकट कोण धुतं?

मग मी हिशोब मांडला. आम्ही तीन महिने नाही. मशीन गॅलरीत उघडं. वरच्यांनी बिनधास्त माझं मशीन वापरलं असणार, काहीतरी बिघडवलं असणार, आणि आता आपलं नाव येऊ नये म्हणून लाइनच तोडून टाकली. सरळ आहे! पण मग हे का पांढरे पडले? हे गणित सुटेना.

ते सुटलं चौथ्या दिवशी. मी देवाला फुलं तोडायला अंगणात होते. गॅलरीतून कुजबूज ऐकू आली. मी चाफ्याच्या आड झाले.

नाझिया म्हणत होती, "काकूंना कळलं तर, काका?"

आणि आमचे हे म्हणतात, "नाय कळणार. मी सांभाळतो. तू फक्त तोंड उघडू नको."

माझ्या हातातली परडी पडली! आता तसला संशय नाही हं. ह्यांचे गुडघे बघितलेत तर तसला संशय कुणालाही यायचा नाही. पण कट! माझ्याच घरात, माझ्याच मशीनच्या विरोधात, माझाच नवरा कटात!

मी लगेच पकडलं नाही. कच्च्या पुराव्यावर पकडायचं नसतं, पोरं चिठ्ठी गिळून टाकतात. मी त्याच दुपारी गॅलरीतल्या फरशीवर तांदळाचं पीठ भुरभुरवलं आणि आत येऊन झोपल्याचं सोंग घेतलं. बारीकसं घोरले सुद्धा. थोड्या वेळानं हे पलंगावरून उठले, चोरपावलांनी मागं गेले. दहा मिनिटांनी आले आणि काहीच न झाल्यासारखे आडवे झाले.

मी जाऊन बघितलं. पिठात दोन जणांची पावलं! एक ह्यांची चप्पल, एक नाझियाची. दोन्ही येऊन माझ्या मशीनसमोर थांबलेली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मशीन बंद पडल्याचं दुःख कुठल्या कुठं पळालं.

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "पुढच्या महिन्यात घर खाली करून घ्यायचं."

"अगं, का? काय केलं त्यांनी?"

"ते रविवारी कळंल. सगळ्यांसमोर."

हे जेवले नाहीत नीट. मुळ्याची कोशिंबीर आवडती, तीही ठेवली ताटात. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, नाही का? मी मनात आणखी एक पुरावा लिहून घेतला.

आता लाइन नेमकी कुठं तोडलीय ते दाखवायला जाणकार माणूस पाहिजे होता. शहागंजातला सलीम माझा जुना विद्यार्थी. आता मोठा इलेक्ट्रिशियन झालाय, दाढीत पांढरे केस आलेत, पण माझ्यासमोर अजूनही हात मागं बांधून उभा राहतो. आठवीत त्याला मी एकदा पायमोज्यातल्या चिठ्ठीसकट धरलं होतं, त्याचा धाक अजून गेलेला नाही. मी त्याला फोन केला.

"सलीम, मागच्या गॅलरीतल्या मशीनच्या पॉइंटला करंट नाही."

तिकडून हळूच आवाज आला, "बाई... आजूबाजूला कोणी हाय का?"

"आहेत की. आमचे सर आहेत."

"मग फोनवर नको, बाई. येतो मी रविवारी."

बघा! माझ्या अंगावर काटा आला. प्रकरण इतकं खोल आहे की सलीमला सुद्धा फोनवर बोलायची भीती वाटायली!

रविवारी सकाळी मी दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या. शेखसाहेब, नाझिया, हे, आणि त्रयस्थ साक्षीदार म्हणून शेजारच्या जाधव वहिनी. जाधव वहिनी तर अर्धा तास आधीच आल्या, पालक निवडायला बरोबर घेऊन. सलीम आला, सगळ्यांना सलाम करून दारातच उभा राहिला.

मी उभी राहिले आणि बोलायला सुरुवात केली. "तीन महिने मी घरात नव्हते. त्या काळात माझ्या मशीनची लाइन कोणीतरी मुद्दाम बंद केली. ते कोणीतरी याच खोलीत बसलेलं आहे."

नाझियानं पदर तोंडाला लावला. शेखसाहेब खाली बघायला लागले. हे छताकडं. काय सांगू, तीस वर्षांत असा हॉल मिळाला नव्हता!

"सलीम, तू वायरीचा माणूस. लाइन कुठं बंद केली ते दाखव, आणि कुणी केली ते तुला ठाऊक असेल तर तेही सांग."

सलीम माझ्याकडं बघायला लागला. मग ह्यांच्याकडं. मग पुन्हा माझ्याकडं. "बाई, जरा आत येता का? तुमच्याशी एकटं बोलायचंय."

"एकटं काही नाही. जे आहे ते सगळ्यांसमोर!"

"बाई, मी कसम घेतलेली हाय."

जाधव वहिनींच्या हातातला पालक तसाच राहिला.

"कसम?" मी कडाडले. "कुणी घ्यायला लावली तुला कसम? घाबरू नको. कितीही जवळचं माणूस असू दे, नाव घे!"

"नक्की घेऊ, बाई?"

"घे!"

"तुम्हीच, बाई."

जाधव वहिनींनी खुर्ची पुढं ओढली.

"मी काय?"

"तुम्हीच कसम घातली ना. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी. सर लासूर स्टेशनला शेतावर गेले होते. तुम्ही बोलले, सलीम, मशीनच्या लाइनला आत एक चोर-स्विच बसव, कुणी माझ्या माघारी मशीन वापरायला नको. आणि सरांना सांगू नको, ते गावभर वाटत सुटतील. कोणी बी विचारलं तरी सांगायचं नाही, खुद्द मी विचारलं तरी चारचौघांत सांगायचं नाही. असं बोलले ना, बाई?"

मी म्हणाले, "काहीतरीच काय! मी असं कशाला..."

सलीम सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेला. आम्ही सगळे मागं. त्यानं ओट्याखालचं कपाट उघडलं, लोणच्याच्या दोन बरण्या बाजूला केल्या, आणि मागं भिंतीवर एक पांढरा स्विच. स्विचवर आडवी कागदाची पट्टी चिकटवलेली. पट्टीवर लाल शाईनं लिहिलेलं: 'विनापरवानगी हात लावू नये.' खाली सही.

अक्षर सुरेख होतं हो. का नसणार? माझंच होतं!

काय सांगू! त्या क्षणी मला सगळं आठवलं. आदला दिवस, बॅगा, डिंकाचे लाडू, ती पट्टी चिकटवताना बोटाला लागलेला डिंक सुद्धा आठवला. तीन महिने नातीची धुरी न् शेक न् लंगोट, त्यात माझं डोकं धुऊन स्वच्छ झालं होतं.

जाधव वहिनी पट्टीजवळ वाकून म्हणाल्या, "सही जुळायली बरं का, वहिनी."

आणि मग नाझिया एकदम रडायलाच लागली. "काकू, आमचीच गलती हाय!"

"तुझी कशी?" मी म्हणाले. "माझी सही आहे."

तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. पुण्याहून ह्यांनी मला न विचारता शेखसाहेबांना फोन केला होता, की मशीन नुसतं पडलंय, लहान पोरींचे कपडे असतात, खुशाल वापरा. नाझियानं एक दिवस भीतभीत बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग आणखी दोन-तीन बटणं दाबली. तरी काही नाही. तिला वाटलं, आपल्या हातून काकूंचं मशीन जळलं! तिनं घाबरून ह्यांना कळवलं. ह्यांना वाटलं, आपण परवानगी दिली म्हणून हे झालं, आता सुमन आपल्याला जिवंत ठेवत नाही. दोघांनी ठरवलं, गुपचूप दुरुस्त करून घ्यायचं.

"त्या दुपारी आम्ही मशीनच बघायला गेलो होतो," हे म्हणाले. "मला काही कळलं नाही, तिलाही कळलं नाही. परत आलो तर चपलांना पीठ! ते कशाचं होतं गं?"

मी पिठाबद्दल काही बोलले नाही.

नाझिया डोळे पुसत म्हणाली, "तीन महिने मला झोप नाही, काकू. म्हणून तुमचे चादरी धुवत होते. म्हटलं, तेवढं तरी."

तिचे हात बघितले मी. साबणानं सोललेले होते, बोटांच्या पेरांवर चिरा. आता हसू नका हं इथं. मला खरंच भरून आलं. मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या बाह्या तपासल्या आणि या पोरीचे हात मला दिसले नाहीत! मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "चुकलं माझं." हे शब्द ऐकून आमचे हे भिंतीला टेकले. लग्नापासून पहिल्यांदा ऐकत होते.

सलीमला मी तो स्विच उपटून टाकायला लावला. पट्टी जाधव वहिनी मागत होत्या, घरी दाखवायला. नाही दिली! सलीमनं लाइन जोडली, आणि गॅलरीतून मशीननं टुंग केलं.

मी नाझियाला म्हणाले, "आजपासून तुझे कपडे याच मशीनमध्ये. आणि पहिलं धुणं मी लावणार. आत्ताच. आण साहेबांचे शर्ट!"

ती नको नको म्हणत होती, मी ऐकते कुठली? प्रायश्चित्त म्हणजे प्रायश्चित्त. शेखसाहेबांचे दवाखान्यात घालायचे पाच शर्ट, दुधासारखे पांढरे. मी स्वतःच्या हातानं मशीनमध्ये घातले, साबण जरा सढळ हातानं टाकला, बटण दाबलं. मशीन घुमायला लागलं. सगळ्यांना चहा केला, पोहे केले. असा आनंदाचा रविवार आमच्या घरात फार दिवसांनी आला होता.

तासाभरानं मशीन थांबलं. सगळ्यांना घेऊन मी गॅलरीत गेले, झाकण उघडलं.

पाचही शर्ट गुलाबी! नुसते गुलाबी नाही, लग्नातल्या फेट्यासारखे गुलाबी!

तुम्हाला वाटेल, आता तरी ही बाई शिकली असेल. नाही हो! कमरेवर हात ठेवले आणि एकेकाच्या डोळ्यांत बघत विचारलं, "रंग जाणारा कपडा यात कुणी टाकला?"

जाधव वहिनींनी पालकाची पिशवी छातीशी धरली.

ह्यांनी मशीनमध्ये हात घातला, तळाशी चाचपलं, आणि सगळ्यांच्या देखत दोन बोटांत धरून वर काढला, पुण्याहून आणलेला माझा नवाकोरा किरमिजी परकर. पहिल्या दिवशी चादरींच्या ढिगाबरोबर कोंबला होता मी, आणि ढीग काढताना तोच तेवढा तळाशी राहिला होता.

चौकशी मी तिथल्या तिथं बंद केली.